कोंबड्यांचे पिण्याचे पाणी

कुक्कुटपालनावरील पाश्चात्त्य पुस्तक उघडले, की त्यात हिवाळ्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण बहुधा आढळतेच. रात्रीतून पाण्याचे भांडे गोठते, सकाळी कोंबड्या बर्फावर चोची आपटीत राहतात आणि थोड्याच दिवसांत अंडी कमी होतात. म्हणून भांड्याखाली मंद दिवा ठेवावा, भोवती पेंढा रचावा, दिवसातून दोनतीनदा कोमट पाणी घालावे, असा उपदेश त्या प्रकरणात केलेला असतो. आपल्या देशात हा उपदेश लडाख, काश्मीरचे खोरे आणि हिमालयाच्या उंचावरील गावे एवढ्यांनाच लागू पडतो. महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी एखाद्या कडाक्याच्या पहाटे हिमकण दिसतात. परंतु ऊन वर येताच ते विरून जातात. आणि दक्षिणेस तंजावरकडे गेले, तर तेथे पौष-माघातील रात्रीही तापमान साधारणतः २० अंश सेल्सियसच्या आसपास असते. तेथील कोंबडीने गोठलेले पाणी कधी पाहिलेले नसते.

असे असले तरी त्या प्रकरणाच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो तंजावरातही तितकाच खरा आहे. भांड्यात पाणी आहे, पण कोंबडी ते पिऊ शकत नाही, हा तो प्रश्न होय. थंड देशात पाण्याचा बर्फ होतो म्हणून ती तहानलेली राहते. तंजावरात वैशाखाच्या दुपारी पाणी इतके तापते, की ती चोच बुडवते आणि मागे घेते. परिणाम दोन्हीकडे एकच. प्रथम अंडी घटतात, नंतर कोंबड्या दगावू लागतात. फरक इतकाच, की थंडीतील बर्फ डोळ्यांना दिसतो. तापलेले पाणी पाहून मात्र भांडे भरलेले आहे, एवढेच आपल्या ध्यानात येते.

नदीमुखाचा प्रदेश आणि त्याचा उन्हाळा

तंजावर म्हटले, की मराठी वाचकाला व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तेथे स्थापिलेले राज्य आणि सरफोजीराजांनी वाढविलेले सरस्वतीमहाल ग्रंथालय आठवते. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र तंजावर म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीचा मुलूख. येथील शेतीचे वेळापत्रक मेट्टूर धरणाच्या दरवाजांशी बांधलेले आहे. हे धरण १९३४ मध्ये पुरे झाले. रूढ प्रथेप्रमाणे १२ जूनला धरणातून कालव्यांसाठी पाणी सोडले जाते आणि २८ जानेवारीस ते बंद केले जाते. धरणात पुरेसा साठा नसेल, तर त्या वर्षी जूनची तारीख पुढे ढकलावी लागते. भात निघाल्यावर त्याच ओलीवर उडीद-मूग घेतात. तो काढून झाला, की ज्यांच्याजवळ विहीर वा नलिकाकूप नाही, त्यांच्या शेतात काम उरत नाही. कालवे कोरडे पडतात आणि तळी आटत जातात.

नेमक्या याच सुमारास उन्हाळा शिगेला पोहोचतो. सूर्य कृत्तिका नक्षत्रात असतानाच्या दिवसांना तमिळ लोक 'अग्नि नक्षत्रम्' म्हणतात. हा काळ साधारण ४ मेपासून २८ मेपर्यंतचा असतो. दुपारचे तापमान ३७ ते ४० अंशांपर्यंत चढते. ज्या भूमिहीन कुटुंबात शेतमजुरी थांबलेली असते, तेथे परसातील आठ-दहा कोंबड्यांची अंडी हाच घरातील बाईच्या हाती येणारा रोख पैसा असतो. या दिवसांत अंडी थांबणे म्हणजे मिठा-मिरचीचा पैसा थांबणे होय. आणि अंड्यावर आलेली तलंग दगावली, तर पुढील वर्षाची मिळकतच बुडते. म्हणून पाण्याच्या भांड्यासारखी क्षुल्लक वाटणारी गोष्ट येथे बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

कोंबडीला पाणी कशासाठी लागते

कोंबडीच्या शरीरात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. ५५ ग्रॅम वजनाच्या अंड्यात कवच धरूनही सुमारे ३५ ग्रॅम पाणी असते. म्हणजे अंडे घालणारी कोंबडी दरवेळी दोन-अडीच मोठे चमचे पाणी केवळ अंड्याच्या रूपाने शरीराबाहेर टाकते. तिला दात नसल्याने दाणा अख्खाच गिळला जातो. तो गळ्यातील अन्नपिशवीत भिजतो आणि नंतर पुढे सरकतो. भिजण्यास पाणी नसेल, तर दाणा तेथेच अडून राहतो. यामुळेच पाणी तुटले, की कोंबडी खाणेही सोडते.

सौम्य हवेत कोंबडी जेवढे खाते, त्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. अंड्यावरील संकरित कोंबडीला दिवसाकाठी साधारण पाव लिटर पाणी पुरते. लहान चणीच्या गावठी कोंबडीला त्याहून थोडे कमी. तापमान ३५ अंशांच्या वर गेले, की हीच गरज दुपटीवर जाते. तेव्हा दहा कोंबड्यांसाठी उन्हाळ्यात रोज पाच लिटर पाणी धरले पाहिजे, आणि त्यातील बराचसा भाग दुपारी व संध्याकाळी प्यायला जातो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सकाळी एकदा भांडे भरून दिवसभर त्याकडे न पाहण्याची सवय हिवाळ्यात खपून जाते. उन्हाळ्यात ती महागात पडते.

एक दिवसभर पाणी तुटले, तर अंड्यांवर होणारा परिणाम त्या एका दिवसापुरता राहत नाही. अंडे तयार होण्याची क्रिया अनेक दिवस आधी सुरू झालेली असते. ती एकदा खंडित झाली, की पूर्वपदावर येण्यास पुष्कळ दिवस लागतात. ताण अधिक असेल, तर कोंबडी पिसे झाडू लागते आणि त्या काळात अंडी देत नाही.

धापा टाकण्यामागील कारण

माणसाला उकडले, की घाम येतो आणि घाम वाळताना अंग थंड होते. कोंबडीच्या कातडीत घर्मग्रंथी नसतात, आणि वर पिसांचे दाट आवरण असते. तिचे शरीर मूळचेच आपल्यापेक्षा उष्ण, सुमारे ४१ अंशांचे असते. हवा बेताची गरम असेल, तर तुरा, चोचीखालील लोंबते मांसल पदर आणि उघडे पाय यांतून उष्णता बाहेर पडते. या काळात पंख अंगापासून दूर धरून उभी असलेली कोंबडी आपण नेहमी पाहतो; पंखांखालच्या विरळ पिसांच्या भागाला ती वारा देत असते.

परंतु उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. भोवतालची हवाच ३८-३९ अंशांची झाली, की कोंबडी आणि हवा यांच्या तापमानात फरक उरत नाही, आणि हा मार्ग जवळजवळ बंद होतो. मग बाष्पीभवन हा एकच उपाय उरतो. कोंबडी चोच उघडते व धापा टाकू लागते. एरवी मिनिटास २५-३० असणारे श्वास दीडशेच्याही वर जातात. श्वासमार्गाच्या ओल्या अस्तरावरून हवा वेगाने जाऊ लागते, तेथील पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते पाणी शरीरातील उष्णता घेऊन जाते.

या क्रियेचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. पावणेदोन-दोन किलो वजनाच्या कोंबडीच्या शरीरात दर तासाला साधारण ८,००० कॅलरी उष्णता निर्माण होत असते. ती सगळी बाष्पीभवनानेच बाहेर टाकायची म्हटली, तर तासाला सुमारे १४ ग्रॅम पाणी खर्ची पडते. सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत सहा तासांत हे पाणी ८४ ग्रॅम, म्हणजे एका लहान वाटीभर होते. एवढे पाणी तिने प्यायले नाही, तर ते तिच्या रक्तातून आणि स्नायूंतून जाते. शरीराचे तापमान वाढत जाऊन ४६-४७ अंशांपर्यंत पोहोचले, की कोंबडी मरते.

प्यालेले पाणी आणखी एक काम करते. पाणी गार असेल, तर ते पोटात गेल्यावर प्रथम स्वतः तापते, आणि ही उष्णता शरीरातूनच घेते. पाणी ४० अंशांचे असेल, तर हा लाभ शून्य होतो. शिवाय पाणी शरीराइतके गरम होऊ लागले, की कोंबडी ते पिणेच कमी करते. उष्ण हवेत ज्या कोंबड्यांना गार पाणी दिले, त्या अधिक खातात आणि अंडी अधिक देतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

सतत धापा टाकण्याची एक किंमतही असते. श्वासाबरोबर कर्बद्विप्राणिद वायू मोठ्या प्रमाणात निघून जातो आणि रक्तातील बायकार्बोनेटचे प्रमाण घटते. अंड्याचे कवच हे कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असते. त्यासाठी लागणारे द्रव्य अपुरे पडल्याने उन्हाळ्यात अंड्यांची कवचे पातळ होतात आणि टोपलीत ती सहज तडकतात. विकत घेणारा कोंबडीला दोष देतो. कारण मात्र हवेत आणि पाण्यात असते.

मडक्यातील गारवा

पाणी गार ठेवण्याचे सर्वांत जुने साधन प्रत्येक घरात आहे. तमिळ घरांत त्याला 'पानै' म्हणतात, आपण माठ किंवा मडके म्हणतो. झिलई न दिलेल्या भाजलेल्या मातीत असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. आतील पाणी त्यांतून पाझरून बाहेरच्या अंगावर येते व वाळते, आणि वाळताना लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेते. कोंबडी धापा टाकताना जे करते, तेच येथे मडके करते.

मडक्यात एक लिटर पाणी आहे असे समजू. त्यातील केवळ २० ग्रॅम पाण्याची वाफ झाली, तर ११,६०० कॅलरी उष्णता निघून जाते. उरलेल्या ९८० ग्रॅम पाण्याचे तापमान तेवढ्याने सुमारे १२ अंशांनी उतरावयास हवे. प्रत्यक्षात बाहेरची उष्ण हवा मडक्याला सतत तापवीत असल्यामुळे उतार याहून कमी असतो. तरीही पन्नासावा हिस्सा पाणी खर्चून एवढे काम होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्याला हे साधत नाही. त्यातील पाणी फक्त वरच्या पृष्ठभागावरून वाळते, आणि भांडे उन्हात असेल, तर ते भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक तापते.

मडक्यापासून कोंबड्यांसाठी पाण्याचे भांडे तयार करणे सोपे आहे. मडक्याच्या काठाजवळ करंगळी जाईल एवढे छिद्र पाडावे. मडके काठोकाठ भरून त्यावर मातीचे पसरट परळ पालथे घालावे आणि दोन्ही घट्ट धरून चटकन उलटी करावीत. छिद्रातून पाणी परळात उतरते. पाण्याची पातळी छिद्राच्या वर येताच मडक्यात हवा शिरण्याचा मार्ग बंद होतो आणि पाणी थांबते. बाहेरील हवेचा दाब आतील पाण्याला तोलून धरतो. कोंबड्या पाणी पितात, पातळी उतरते, छिद्र उघडे पडते, एखाददुसरा बुडबुडा आत जातो आणि पुन्हा तेवढेच पाणी खाली येते. मात्र छिद्र परळाच्या काठाहून खालच्या पातळीवर असले पाहिजे, नाहीतर सगळे पाणी सांडून जाईल. मडक्याला रंध्रे असूनही त्यांतून हवा आत शिरत नाही, कारण भिजलेल्या सूक्ष्म रंध्रांतील पाणी तिला अडवते. भेग गेलेले मडके मात्र या कामी निरुपयोगी ठरते.

अशा भांड्याचे दोन लाभ आहेत. पाण्याचा फार थोडा भाग उघड्यावर राहतो, त्यामुळे त्यात माती, विष्ठा व पाने कमी पडतात. आणि मुख्य साठा मडक्याच्या पोटात गार राहतो. मडक्यावर ओले गोणपाट गुंडाळले आणि ते ओल्या वाळूच्या थरावर ठेवले, तर परिणाम आणखी चांगला होतो.

दमट हवेची मर्यादा

येथे एक सूचना करणे अगत्याचे आहे. मडक्यातील पाणी किती गार होईल, हे हवा किती तापली आहे यावर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक ती किती कोरडी आहे यावर असते. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात धरला, तर तो ज्या अंकावर स्थिरावतो, त्यापेक्षा अधिक गारवा बाष्पीभवनाने मिळू शकत नाही.

उदाहरणार्थ, नागपुरात वैशाखाच्या दुपारी तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के आहे, असे समजा. तेथे ही खालची मर्यादा सुमारे २४ अंश असते. आता तंजावर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील किनारपट्टीचा विचार करू. पट्टुकोट्टै आणि पेरावूरणी या तालुक्यांची सीमा समुद्राला भिडलेली आहे. तेथे तापमान ३६ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर मर्यादा २९ अंशांपर्यंत चढते. तंजावर शहराकडे कोरड्या वाऱ्याच्या दुपारी तापमान ३८ व आर्द्रता ४० टक्के असेल, तर ती सुमारे २७ अंश राहते. म्हणजे अधिक तापलेल्या नागपुरात मडके अधिक गार पाणी देते आणि कमी तापलेल्या किनाऱ्यावर कमी गार. विदर्भातील कोंबडीपालकाचा अनुभव कावेरीच्या मुखाशी जसाच्या तसा लागू करता येत नाही, त्याचे कारण हे आहे.

कोंबडीच्या धापांनाही हाच नियम लागू पडतो. दमट हवेत श्वासमार्गातील पाणी सावकाश वाळते. म्हणून समुद्रावरील ओलसर हवा साचून राहिलेल्या, वारा पडलेल्या संध्याकाळी कोंबड्यांचे हाल दुपारपेक्षाही वाढतात. अशा वेळी खुराड्यात पाणी शिंपडून हवा आणखी दमट करणे हितावह नसते. आधी खुराड्याला वारा मिळाला पाहिजे. भिंतींऐवजी जाळी, आणि कोंबड्यांची दाटी कमी, या दोन गोष्टी तेथे पाण्याच्या शिडकाव्याहून अधिक उपयोगी पडतात.

मग दमट दिवसांत पाणी गार कसे ठेवावे? याचे उत्तर जमिनीखाली आहे. जमिनीच्या काही मीटर खाली उन्हाळ्या-हिवाळ्याचा फेर फारसा पोहोचत नाही. तेथील पाण्याचे तापमान त्या ठिकाणच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहते. तंजावर भागात उथळ विहिरीचे किंवा हातपंपाचे ताजे पाणी त्यामुळे तिशीच्या आतबाहेर असते, म्हणजे दमट हवेत मडके जेवढा गारवा देऊ शकते, जवळजवळ तेवढ्याच गारव्याचे. तेव्हा दुपारी बारा आणि तीनच्या सुमारास भांड्यातील पाणी ओतून ताजे उपसलेले पाणी भरणे हा सोपा उपाय तेथे मडक्याच्या तोडीचा ठरतो. पंपाच्या नळीत साचून तापलेली पहिली कळशी मात्र बाजूस काढावी. ती झाडाला घालता येते.

अंगणातील व्यवस्था

पाण्याचे भांडे कोठे ठेवले आहे, याला भांड्याइतकेच महत्त्व आहे. थंड देशांत ते उन्हात ठेवतात आणि काळे रंगवितात, म्हणजे दिवसाचे ऊन शोषून पाणी गोठण्यास वेळ लागतो. येथे नेमके उलट केले पाहिजे. भांडे सावलीत असावे, त्याचा रंग फिकट असावा, आणि सावली दिवसभर टिकणारी असावी. सकाळी सावलीत असलेले भांडे दुपारी दोन वाजता उन्हात येत नाही ना, हे एकदा स्वतः पाहून घ्यावे. चिंच, कडुनिंब किंवा आंब्याची सावली उत्तम. झाड नसेल, तर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप चार खांबांवर टाकावेत. पत्र्याच्या छपराखालची सावली फसवी असते. तापलेला पत्रा खाली उष्णता टाकीत राहतो. त्यावर झावळ्या किंवा भाताचा पेंढा पसरला, तर हा त्रास कमी होतो.

उन्हाच्या वेळी कोंबड्या सावली सोडून तापलेले अंगण ओलांडण्यास कचरतात. म्हणून पाणी त्यांच्यापाशी गेले पाहिजे. एका मोठ्या भांड्याऐवजी दोन-तीन ठिकाणी भांडी ठेवावीत. यामुळे दांडग्या कोंबड्या दुबळ्यांना हुसकावू शकत नाहीत. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीइतकी असावी, म्हणजे पाय घालून ती पाणी घाण करीत नाही. कोंबडी चोच बुडवून घोट घेते आणि मान वर करून तो घशात उतरविते. कबुतराप्रमाणे तिला पाणी ओढून घेता येत नाही. तेव्हा चोच नीट बुडेल इतकी खोली परळात हवी.

खुडूक बसलेल्या कोंबडीची काळजी वेगळी घ्यावी लागते. ती अंड्यांवरून दिवसातून क्वचितच उठते. पाणी दूर असेल, तर ती तहानेनेच अर्धमेली होते किंवा अंडी गार होईपर्यंत बाहेर राहते. तिच्या डालग्याजवळ हात पोहोचेल इतक्या अंतरावर लहान परळ ठेवावे. नुकत्याच फुटलेल्या पिल्लांना मात्र गार पाणी देऊ नये. पहिल्या आठवड्यात त्यांना स्वतःची ऊब नीट राखता येत नाही. त्यांचे पाणी हवेच्या तापमानाचे असावे, परळ उथळ असावे आणि त्यात स्वच्छ खडे टाकलेले असावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत.

खाण्याच्या वेळांचाही पाण्याशी संबंध आहे. अन्न पचताना शरीरात उष्णता निर्माण होते आणि खाल्ल्यानंतर काही तासांनी ती सर्वाधिक असते. सकाळी नऊला भरपेट खाल्लेली कोंबडी ऐन दुपारी आतूनही तापते. म्हणून उन्हाळ्यात दाणा उजाडताच आणि पुन्हा ऊन कलल्यावर द्यावा. मधल्या वेळात पाणी भरपूर असावे. संध्याकाळी खुराड्यात जाण्यापूर्वी कोंबड्या पुष्कळ पाणी पितात. त्या वेळी भांडे रिकामे नसावे.

पाणी बदलण्याची वेळ झाली की नाही, हे ओळखण्यास तापमापक लागत नाही. मनगट पाण्यात बुडवून पाहावे. पाणी कोमट लागले, तर ते बदलावे.

गारव्याबरोबर स्वच्छता

उष्ण हवेत पाण्यात रोगजंतू व शेवाळ झपाट्याने वाढतात. मडक्याची रंध्रे हा त्याचा गुण आहे, तसाच तो दोषही आहे. आतून धरलेला बुळबुळीत थर त्यांत रुतून बसतो व रंध्रे बुजतात. मग मडके पाझरत नाही आणि पाणीही गार होत नाही. यावर उपाय म्हणजे मडक्यांची जोडी ठेवणे. एक वापरात असताना दुसरे नारळाच्या काथ्याने घासून उन्हात वाळवावे. भांड्याभोवती सांडलेल्या पाण्याने चिखल होऊ देऊ नये. ओल्या जमिनीत रक्ती हगवणीच्या जंतूंची वाढ होते, आणि हा धोका ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी पावसात, तंजावर भागात अधिक असतो.

किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ असू शकते. एका लिटरमध्ये १,००० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी कोंबड्यांना निर्धोक मानले जाते. प्रमाण त्याहून वाढत गेले, की प्रथम विष्ठा पातळ होते. ३,००० मिलिग्रॅमच्या पुढे वाढ खुंटण्याचा व मरतुकीचा संभव असतो. उन्हाळ्यात कोंबडी दुप्पट पाणी पिते, म्हणजे मीठही दुप्पट घेते, हे विसरता कामा नये. याच कारणासाठी थंड देशांतही गोठू नये म्हणून पाण्यात मीठ घालण्याची युक्ती निषिद्ध मानतात. गोठणे टाळण्याइतके मीठ पक्ष्याला विषासारखे ठरते.

मानमोडी, म्हणजे रानीखेत रोगाची काही प्रकारची लस पाण्यातून दिली जाते. ही लस जिवंत विषाणूंची असते. तिच्या पाण्यात जंतुनाशक भुकटीचा अंश असेल किंवा पाणी तापलेले असेल, तर विषाणू मरतात आणि लस वाया जाते. म्हणून उन्हाळ्यात ती पहाटेच, गार व औषधविरहित पाण्यातून द्यावी.

मोठ्या कोंबडीघरांत

तमिळनाडूतील अंड्यांचा व्यवसाय मुख्यतः नामक्कल भागात एकवटला आहे. तेथील पिंजऱ्यांच्या मोठ्या कोंबडीघरांत पाणी नळ्यांतून येते आणि कोंबडी बोंडीला चोच लावून ते पिते. पाणी झाकलेले असल्यामुळे ते स्वच्छ राहते. परंतु छपरावरील टाकी आणि पत्र्यालगतच्या नळ्या दुपारी तापतात व बोंडीतून गरम पाणी येते. अशा ठिकाणी टाकी सावलीत आणून पांढरी रंगवावी, तिच्याभोवती ओले गोणपाट बांधावे, मुख्य नळी जमिनीत पुरावी आणि दुपारी एकदोन वेळा नळ्यांतील साचलेले पाणी सोडून द्यावे. अंगणातील परळ काय किंवा हजारो कोंबड्यांची नळी काय, तत्त्व एकच आहे. तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडु येथे २०१२ मध्ये शासकीय पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आहे. क्षारांचे मिश्रण किंवा खाण्याचा सोडा पाण्यातून द्यावयाचा असेल, तर त्याचे प्रमाण स्वतः न ठरविता जवळच्या पशुवैद्यकास विचारावे.

उन्हाने एखादी कोंबडी आडवी पडलीच, तर तिला सावलीत व वाऱ्यात न्यावे, तिचे पाय आणि तुरा गार पाण्याने ओले करावेत व ती मान धरू लागली, की चोचीशी पाणी न्यावे. बेशुद्ध कोंबडीच्या घशात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

परंतु ती वेळ सहसा येऊ नये. एक सच्छिद्र मडके, न हलणारी सावली, आणि दुपारी दोन वेळा बदललेले पाणी, एवढ्यावर परसातील दहा कोंबड्यांचा उन्हाळा बहुधा निभावतो. यासाठी पैसा फारसा लागत नाही. ऐन उन्हात दोनदा उठून पाण्याला मनगट लावून पाहण्याची शिस्त मात्र लागते. मेट्टूरचे पाणी कालव्यांत येईपर्यंत ही शिस्त पाळली, तर पाऊस पडून शेतीची कामे सुरू होतील तेव्हा अंगणातील तलंगा जिवंत असतील आणि अंड्यांची टोपलीही रिकामी राहणार नाही.